दोन कड्या

ॲपला चार फोटो लागतात:
मोकळी जागा, जोतं, लिंटल, पूर्ण घर.
प्रत्येकात लाभार्थी उभा हवा, डोळे उघडे,
नाहीतर फोटो परत येतो.

पहिल्या फोटोत ठगूबाई भोई
मोकळ्या जागेत उभी नाही, कारण जागा मोकळी नव्हती.
पऱ्हाट्यांचा कूड, वर तीन पत्रे,
पत्र्यांवर दगड आणि एक फाटका टायर.
मागे अंजनी, मेमधली, म्हणजे नुसती वाळू.
मी म्हटलं, थोडं डावीकडे सरका.
ती आत गेली, लुगडं बदलून आली.
तोवर उन्हाने फोनने मान टाकली होती.

तिच्या आधीची चार जगली नाहीत,
म्हणून आईने हिचं नाव ठगूबाई ठेवलं,
मरणाला चकवायला.
मरण चकलं. बहात्तर वर्षं चकलंय.
पण आधार केंद्रातल्या पोराला ते नाव वाईट वाटलं,
त्याने सुधारून ठकूबाई केलं.
दोन हप्ते कुणाच्या लक्षात आलं नाही.
तिसरा अडकला.

सात महिने.
दर सोमवारी ती नगरपालिकेत यायची,
पाण्याच्या टाकीशेजारी, बाकावर पाय वर घेऊन.
पितांबर शिंपी लांबूनच हात हलवायचे,
नाही, या अर्थाने.
तरी ती पाच वाजेपर्यंत बसायची.
एकदा म्हणाली,
"मन्हं नाव ठगूबाईच शे.
तुमनी ठकूबाई दुसरी कोनी व्हई.
तिले शोधा, तिनं घर तिले द्या."
पितांबरभाऊ हसले. मीही हसले.
त्या रात्री मला झोप आली नाही, असं काही झालं नाही.
आली. माझी नोकरी अकरा महिन्यांची,
खोलीचा करारही अकराच महिन्यांचा,
असली माणसं लवकर झोपतात.

होळीच्या आधीपासून तिने
बिनछपराच्या चार भिंतींत बिबडे वाळत घातले,
स्वतःचे दोन सुपं,
बाकी गल्लीतल्या लोकांचे, किलोमागे पैसे घेऊन.
दारात खाट आडवी.
शेळ्या येत नाहीत, म्हणाली,
चारी बाजूंनी सरकार राखण करतं.

मग एका बुधवारी पैसे आले.
का आले, ते पितांबरभाऊंनाही कळलं नाही.

रऊफ मिस्त्री वर सळई बांधत होते.
ती शिडीखाली, डोक्यावर पदराची घडी.
"सलॅबमा दोन कड्या सोड, भाऊ,
झोका बांधाले. आखाजीले पोर येई."
पोर सुरतेत, उधन्याला,
साड्यांचे लोंबते धागे कापते.
नऊ आखाज्या आलेली नाही.
पत्र्याला काय झोका बांधणार?

नकाशात कड्या नाहीत.
अंदाजपत्रकात कड्या नाहीत.
रऊफभाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी फोनमध्ये पाहिलं,
तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.
पुन्हा वर पाहिलं तेव्हा ते
बारा एमएमची सळई गुडघ्यावर धरून वाकवत होते.

चौथ्या फोटोत घर, पाटी, ठगूबाई, डोळे उघडे.
पाटी रंगवणाऱ्याने नाव
कागदावरून घेतलं नाही, तिला विचारून लिहिलं.
ॲपने ते वाचलं नसावं. फोटो गेला.
"कड्या येतीन का फोटोमा?"
नाही, म्हटलं, फोटो बाहेरूनच घेतात.
"मंग आतला काढ ना, माय."

आखाजीला मी एरंडोलमध्ये नव्हते,
करार संपला होता.
पोर आली का, माहीत नाही.
विचारायला नंबर आहे, केला नाही.

फोन बदलला, तर तो फोटो मागोमाग आला.
फरशीवर उताणी पडून काढलेला,
कुठल्याच हप्त्याचा नाही.
करडं छत, दोन कड्या,
आणि कडेला, चुकून आलेलं, तिचं बोट,
कड्या कुठे आहेत ते मला दाखवणारं.